शेवटचे बारा दिवस

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरची एक वाचक, वय ३१, शाळेत शिक्षिका, सध्या ३४वा आठवडा सुरू. पहिली मुलगी तीन वर्षांची. ती पायाळू होती म्हणून सिझेरियन झालं. या वेळी बाळ डोक्याकडून आहे, पण एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. बाळंतपणाची तारीख पितृपक्षातल्या अष्टमीला येते. सासूबाईंना पितृपक्षातला जन्म नको आहे. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांची तिथीही त्याच पंधरवड्यात, पंचमीला. घरच्या ज्योतिषांनी गणेश चतुर्थीच्या सकाळचा पाऊण तासाचा मुहूर्त काढून दिला आहे. डॉक्टर म्हणाल्या, "३७ आठवडे झाले की करता येतं." सासूबाई म्हणतात, "डॉक्टरच हो म्हणून राहिल्या, मग तुला काय अडचण आहे? बाळाचं वजनही चांगलं आहे. नणंदेचं पोरगं ३७व्या आठवड्यातच झालं, कसं ठणठणीत आहे पाहा." नवरा म्हणतो, "तुम्ही दोघी ठरवा." ती विचारते: "ताई, मीही देवाधर्माचं करणारी आहे. घरात वाद नको. बारा-चौदा दिवसांनी एवढा काय फरक पडतो? आणि पडत असेल तर ते घरी सांगू कसं?"

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि दिवस मोजले. चतुर्थीला तुझे ३७ आठवडे आणि २ दिवस होतात. ३९ आठवडे पूर्ण होतात ते पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी, प्रतिपदेला. म्हणजे वाद आहे तो या मधल्या बारा दिवसांचा. फरक पडतो का? पडतो. मी सव्वीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते, आणि हे बारा दिवस कमी पडलेली बाळं मी हातात घेतली आहेत.

आधी मोजणीचं बोलू, कारण घोळ तिथेच आहे. "३७ आठवडे म्हणजे नऊ महिने भरलेच की" असं बहुतेक घरांत म्हणतात. ३७ आठवडे म्हणजे २५९ दिवस, जेमतेम साडेआठ महिने. आपल्या आज्या काय म्हणायच्या? नऊ महिने नऊ दिवस. डॉक्टर तुझी तारीख काढतात तीही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवून. आजीचा हिशोब आणि डॉक्टरांचा हिशोब यांत दोनच दिवसांचं अंतर आहे! तेव्हा सासूबाईंपुढे इंग्रजी शब्द ठेवायची गरज नाही. "आई, नऊ महिने नऊ दिवस कुठे भरले हो अजून?" एवढं विचारलं तरी गोष्ट त्यांच्याच भाषेत सुरू होते.

पूर्वी ३७ आठवड्यांच्या पुढचं कुठलंही बाळ 'पूर्ण दिवसांचं' धरत. ती समजूत आता बदलली आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ३७ आणि ३८व्या आठवड्यांतल्या जन्मांसाठी वेगळं नाव ठरवलं, आणि पूर्ण मुदत ३९ आठवड्यांपासून मोजायला सुरुवात केली. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून करायचं सिझेरियन ३९ आठवड्यांच्या आधी सहसा करू नये.

याचं कारण बाळाच्या छातीत आहे. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात काही संप्रेरकं वाढतात आणि ते पाणी शोषलं जायला लागतं. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये बाळाला कळांची ही सूचना मिळतच नाही. दिवस पूर्ण भरलेले असतील तर बहुतेक बाळं तरीही निभावून नेतात. दिवस कमी असतील तर छातीत पाणी राहतं आणि श्वास धापेचा होतो. डेन्मार्कमध्ये सुमारे ३४ हजार जन्मांचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक प्रसूतीच्या वाटेने जाणाऱ्यांच्या तुलनेत ठरवून केलेल्या सिझेरियनच्या बाळांना श्वासाचा त्रास ३७व्या आठवड्यात जवळपास चौपट, ३८व्यात तिप्पट आणि ३९व्यात सुमारे दुप्पट दिसला.

तुझ्यासारख्याच, म्हणजे आधी सिझेरियन झालेल्या बायकांचा अभ्यास अमेरिकेत १९ केंद्रांवर झाला. ठरवून पुन्हा सिझेरियन झालेल्या १३ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. श्वासाचा त्रास, रक्तातली साखर उतरणं, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं, यांपैकी काही ना काही झालेली बाळं ३७व्या आठवड्यात शंभरात १५ होती, ३८व्यात ११ आणि ३९व्यात ८. हे आकडे २००९ साली छापून आले.

नणंदेच्या मुलाचं उत्तर याच आकड्यांत आहे. ३७व्या आठवड्यातल्या शंभरांपैकी ८५ बाळांना यातलं काहीच झालं नाही, आणि त्यांचं बाळ त्या ८५ मधलं आहे. देवाची कृपा. पण तुझं बाळ कोणत्या बाजूला जाईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आणि हा धोका कशासाठी घ्यायचा, तर बाळाच्या किंवा तुझ्या तब्येतीसाठी तो घ्यावा लागत नाहीये.

वजनाचंही तसंच. सोनोग्राफीत येतं ते अंदाजे वजन, त्यात दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे सहज होतं. शिवाय वजन भरलं म्हणजे फुप्फुसं, यकृत, मेंदू तयार झाले असं नाही. ३५व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन तृतीयांशच असतं, उरलेलं या शेवटच्या आठवड्यांतच भरतं. ३७व्या आठवड्यातलं गुटगुटीत बाळही दोन घोट पिऊन दमतं, झोपून जातं, मग साखर उतरते, कावीळ वाढते. "वजन चांगलं असून पीत का नाही हो सिस्टर?" हा प्रश्न मला किती आयांनी विचारला असेल!

एक दिवस मला विसरता येत नाही. अक्षय्य तृतीया होती, बाहेर ऊन रणरणत होतं. मी तेव्हा एका खासगी रुग्णालयात होते आणि त्या दिवशी ठरवून केलेली सिझेरियन एकामागून एक लागलेली होती. त्यातलं एक बाळ ३७ आठवड्यांचं, पावणेतीन किलोचं, दिसायला अगदी छान. रडलं, गुलाबी झालं. वीस मिनिटांनी मी टोपरं सारखं करायला वाकले तर बाळ कण्हत होतं. दर श्वासाला बारीकसा 'अं... अं...' आवाज, नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. मिनिटाला श्वास मोजले, ८४. साठाच्या आत असायला हवेत. त्याला तसंच उचलून आम्ही आत नेलं आणि नाकाला दाबाने हवा देणारं यंत्र लावलं. खाली वडील पेढे वाटत होते. आजींच्या हातात घडी घातलेला कागद होता, त्यावर जन्माची वेळ लिहून घेतलेली. काचेबाहेर उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, वेळ तर बरोबर साधली होती नं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माऊली चार रात्री बाकावर बसून होत्या. आईने बाळाला पहिल्यांदा जवळ घेतलं ते तिसऱ्या दिवशी. सहाव्या दिवशी बाळ घरी गेलं, चांगलं होऊन गेलं, हेही सांगते. पण ते सहा दिवस त्या घरात कुणालाच नको होते, आणि आजींना तर मुळीच नको होते.

म्हणून सासूबाईंबद्दल दोन शब्द. तुझ्या पत्रात त्या हट्टी वाटतात, मला घाबरलेल्या वाटतात. नवरा गेलेल्या बाईला त्याच्याच तिथीच्या पंधरवड्यात नातवाचा जन्म नकोसा वाटणं समजण्यासारखं आहे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पीडा गावाबाहेर नेणारं आपलं नागपूर, अशुभाची भीती आपल्यात खोल आहे. तेव्हा "हे सगळं अंधश्रद्धा आहे" असं म्हणून बोलणं सुरू करू नकोस. तू स्वतःही मानतेस, मग मानणाऱ्यासारखंच बोल.

मानणाऱ्यासारखं बोलायचं तर चतुर्थीच्या मुहूर्तात एक मोठी अडचण आहे, आणि ती घाईत कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. बाळ चतुर्थीला झालं की घराला दहा दिवसांचं सोयर. मग घरचा गणपती कोण बसवणार? दोन-तीन दिवसांत महालक्ष्म्या येतात, त्यांचं काय? तुमच्याकडे महालक्ष्म्या असतात असं तू लिहिलंयस. सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, उभ्या राहणाऱ्या जेष्ठा-कनिष्ठा, हे सगळं सोयरात अडणार. उलट प्रतिपदेच्या आसपास जन्म झाला तर महालक्ष्म्या नीट पार पडलेल्या असतील. सासऱ्यांची पंचमी सोयरात येईल हे खरं, पण सोयर दहा दिवसांनी फिटेल आणि सर्वपित्री अमावास्या त्याच्यानंतर येते. ज्यांची तिथी राहून गेली त्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतातच. तुमच्या गुरुजींना हे विचारा, आणि सासूबाईंना स्वतः विचारू दे. बाहेरच्या माणसाकडून ऐकलेलं सुनेच्या तोंडून ऐकल्यापेक्षा लवकर पटतं, हे काही तुला नवीन नाही.

पितृपक्षात नवी कामं सुरू करत नाहीत, लग्न-मुंज-वास्तू करत नाहीत, बरोबर. पण जन्म हे आपण सुरू केलेलं काम नाही, ते नऊ महिन्यांपूर्वीच सुरू झालंय. गांधीबागेतलं डागा, मेडिकल, मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांत पितृपक्षातही रोज बाळं जन्मतात आणि त्यांची बारशी थाटात होतात. कितीतरी घरांत अशा बाळाला 'आजोबाच परत आले' म्हणून उराशी धरतात. हे तू सुचवू नकोस. सासूबाईंना सुचायचं तर त्यांचं त्यांना सुचेल.

आता डॉक्टरांचं. "३७ झाले की करता येतं" आणि "३७ला करावं" ही दोन वाक्यं वेगळी आहेत. डॉक्टरांनी पहिलं म्हटलं आणि घरात दुसरं ऐकलं गेलं. पुढच्या तपासणीला सासूबाईंना आणि नवऱ्याला सोबत ने आणि सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचार: "डॉक्टर, मुहूर्ताचं काही नसतं तर तुम्ही मला कोणती तारीख दिली असती?" आणि गप्प राहा. उत्तर त्यांनाच देऊ दे. मुहूर्तासाठी रोज कुणी ना कुणी दबाव आणत असतं, डॉक्टरही माणसंच आहेत. असा सरळ प्रश्न विचारला की त्यांनाही सरळ बोलायची सोय होते. "इंजेक्शन देऊन फुप्फुसं पिकवू आणि मग करू" असं कुणी सुचवलं तर लक्षात ठेव, ती इंजेक्शनं लवकर प्रसूती करणं भाग असतं तेव्हाची आहेत. तिथी गाठण्यासाठी ती घ्यायची नसतात, आणि त्यांनी बाळाची साखर उतरू शकते.

तुझ्यापुढे कोणकोणत्या वाटा आहेत? गणेश चतुर्थी मी साफ नको म्हणेन. अनंत चतुर्दशीला ३८ आठवडे ५ दिवस होतात. सासूबाई कदाचित तडजोड म्हणून हाच दिवस पुढे करतील. खरं सांगायचं तर ३९वा आठवडा ही काही भिंत नाही, धोका उताराने कमी होत जातो. चतुर्थीपेक्षा चतुर्दशी पुष्कळ बरी. पण मघाच्या त्याच अमेरिकन अभ्यासात ३८व्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांतही त्रास थोडा जास्तच आढळला होता. दोन दिवसांसाठी तोही कशाला घ्यायचा? माझं मत पितृपक्षातल्या प्रतिपदा ते चतुर्थी या चार दिवसांकडे आहे. त्या चार दिवसांतली वेळ ज्योतिषांना काढू दे, शल्यगृहाच्या दिवसाच्या वेळात बसेल अशी. दिवस डॉक्टरांनी सांगितलेले, त्यातली घटका घरची. तीही पाळता येईलच असं नाही, कारण ऐन वेळी दुसऱ्या कुणा बाईची तातडीची केस आली तर तुझं पुढे जाईल, आणि जायलाच हवं.

आणखी एक सूचना घरातून येईल, "मग घटस्थापनेलाच करू." ती मानू नकोस. तोवर ४१ आठवडे उलटतात. टाक्याच्या गर्भाशयाने ठरलेलं सिझेरियन इतकं लांबवायचं नसतं, आणि बहुधा त्याआधीच कळा सुरू होतील.

सिझेरियनच करायचं हे नक्की कुणी ठरवलं? पहिलं झालं ते मुलगी पायाळू होती म्हणून. ते कारण आता नाही. मध्ये तीन वर्षं गेली आहेत. अशा बायकांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर दहापैकी सुमारे सात जणींना ती जमते. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एक असा असतो. तो लहान दिसला तरी गंभीर आहे, म्हणून हा प्रयत्न जिथे चोवीस तास शल्यगृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार असतं तिथेच करायचा. तुला नको असेल तर नको, सिझेरियन निवडण्यात कमीपणा नाही. पण गर्भाशयावरचा पहिला टाका आडवा आहे का, आणि मी प्रयत्न करू शकते का, एवढं विचारल्याशिवाय राहू नकोस.

तुझ्या नवऱ्यासाठी इथेच लिहिते, त्याला वाचायला दे. दादा, 'तुम्ही दोघी ठरवा' हे उत्तर नाही. आई तुमची आहे, तिला समजावणं तुमचं काम आहे. आठवा महिना सरत आलेल्या बाईने एकटीने हे ओझं वाहायचं नाही. संमतीपत्रावर सही तिची असते, त्यामुळे शेवटचा शब्दही तिचाच.

हे वाचणाऱ्या बाकीच्या मैत्रिणींनो, ३९ आठवड्यांची ही गोष्ट सगळं सुरळीत चाललेल्यांसाठी आहे. रक्तदाब चढलाय, वार खाली आहे, जुळी आहेत, बाळाची वाढ थांबलीय, साखर आवाक्यात येत नाही, किंवा पहिला टाका उभा आहे, अशा वेळी डॉक्टर लवकर करायला सांगतील. तेव्हा हे सदर पुढे करून थांबू नका. तिथे थांबण्यातच धोका असतो. आणि तारीख ३९ची ठरलेली असली तरी दहातल्या एकीला त्याआधीच कळा सुरू होतात. पाणी गेलं, रक्त दिसलं, जुन्या टाक्यावर सतत दुखायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, की त्याच तासाला निघायचं, मग अमावास्या असो की मध्यरात्र.

रुग्णालय ठरवताना बाळांचे डॉक्टर सिझेरियनच्या वेळी हजर असतात का आणि नवजात अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे पाहा. बाळाला उचलून दुसरीकडे पळवावं लागणं फार वाईट. खर्चाची काळजी असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियनही मोफत आहे आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही.

आणि तुझ्यासाठी आजचं एक काम. तुझी फाईल काढ आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी शोध. आठवडे त्याच कागदावरून मोजायचे. तेव्हाचा अंदाज पाच-सात दिवसांपलीकडे चुकत नाही, आणि शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा तीन आठवडेही चुकू शकतो. चतुर्थीचे मी मोजलेले ३७ आठवडे २ दिवस त्या कागदाप्रमाणे ३६च निघाले तर? तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लाव, त्यावर ३९ आठवडे पूर्ण होण्याची तारीख लाल पेनाने लिही, आणि पिशवीत दोन टोपरी जास्तीची टाक, शल्यगृहात एसी फार थंड असतो.